पहिलं ऐकणं घरच्यांचं

आदरणीय निवृत्ती वाहुळ सर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी लिहावे असे समितीने कळवले, तेव्हा मी दोनदा नकार दिला. या ग्रंथात सरांचे तंत्रशाळेतले विद्यार्थी लिहिणार, त्यांच्याबरोबर आयुष्यभर रेडिओ आणि टेप दुरुस्त केलेली माणसे लिहिणार. मी एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली बाई. सरांशी माझी ओळख अवघी तीन वर्षांची. पण समितीचे म्हणणे पडले की सरांच्या हाताखाली शिकलेली शेवटची विद्यार्थिनी तुम्हीच, आणि तुमच्या घरचे टेपचे यंत्र रोज चालते. म्हणून लिहीत आहे.

पहिल्या भेटीपासून सांगते.

माझे पती माधवराव पाटबंधारे खात्यात आरेखक होते. त्यांना ध्वनिमुद्रणाचा छंद होता. आमच्या गल्लीतले भजनी मंडळ, कोणाच्या गच्चीवरची कव्वाली, जयंतीच्या दिवसांतली गाणी, असे जे कानावर पडेल ते ते मोठ्या रिळांच्या टेपवर मुद्रित करून ठेवत. काही रिळांच्या सुरुवातीला ते स्वतः दोन वाक्ये बोलत. कोणते रीळ आणि यंत्राचा वेग किती. पुढे विजेच्या चढउताराने यंत्र जळाले, ते त्यांनी भंगारात दिले. रिळे मात्र कपाटात राहिली. "बघू पुढं," म्हणायचे. पुढे बघायला ते राहिले नाहीत.

आम्ही दोघेही कमी बोलणारे. फोटो खूप आहेत, पण आवाज कुठेच नाही. मोबाइलमध्ये एक चित्रफीत आहे, तिच्यात ते हातानेच 'नको नको' म्हणतात. ते गेल्यावर दीड वर्षाने एका सकाळी माझ्या लक्षात आले की मला त्यांचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवत होता, चालणे आठवत होते, आवाज मात्र काही केल्या येईना. त्या दिवशी मी एक रीळ कापडी पिशवीत घातले आणि गुलमंडीच्या बाजारामागच्या गल्लीत मुनीरभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानी गेले. तिथे दुपारी वाहुळ सर बसतात, एवढेच मला कोणीतरी सांगितले होते.

दुकानात एक डॉक्टर एका मोठ्या यंत्राशी उभे होते. दोन गोल रिळे, खाली दिव्याच्या उजेडात आवाजाची पातळी दाखवणारे दोन काटे, चकचकीत पत्रा. त्यांना ते आवडले होते आणि सौदा जवळजवळ ठरला होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ स्क्रू पुसत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारले,

"डॉक्टरसाहेब, घरी टेपा किती हायेत?"

"टेपा नाहीत. हॉलमध्ये शोभेला ठेवायचंय."

"मग लंबकाचं घड्याळ घ्या. तेबी शोभंल, आन् वेळबी दाखवंल."

डॉक्टर हसले आणि विचार करतो म्हणून निघून गेले. मुनीरभाईंनी कपाळाला हात लावला. माझ्याकडे वळून म्हणाले, "देखो बाजी, मेरेच दुकान में बैठ के मेराच गिऱ्हाईक भगारे ये!"

"चहा सांग मुनीर," सर म्हणाले. "गिऱ्हाईक गेलं, त्याच्यासाठी सांगितलेला चहा ताईंना दे."

ते डॉक्टर वर्षभराने परत आले, ते वडिलांच्या संग्रहातली रिळे घेऊन. तेव्हा सरांनी त्यांना स्वतः हिंडून यंत्र शोधून दिले. ते आज समितीत आहेत, म्हणून हे धीटपणे लिहिले.

मी विचारले, "सर, कोणतं मशीन घेऊ?" सरांचे उत्तर त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असेल. "आधी टेप सांगा, मग मशीन बघू."

त्यांनी माझ्या पिशवीतले रीळ काढले आणि प्रथम त्याचा वास घेतला. मला नवल वाटले. "जुनी टेप खराब झाली का व्हिनेगारवानी आंबट वास येतो. हिला नाय. चांगलीय." मग त्यांनी रिळाचे सुटे टोक बोटावर घेतले आणि थांबले.

"हे कात्रीनं कापलंय."

"हो. चुरगळलं होतं, म्हणून मीच कापलं."

"या एकाचंच?"

"सगळ्यांचंच. सगळीच चुरगळली होती."

सरांनी रीळ पुन्हा पिशवीत ठेवले. मग म्हणाले, "पत्ता द्या. उद्या घरी येतो."

दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवरून आले. सगळी रिळे त्यांनी चादरीवर मांडायला लावली. एकेक टोक बघितले. अकराच्या अकरा टोके कापलेली होती, अगदी सरळ, कारण शिंप्याची कात्री आणि माझा हात. मला आतून त्या नीटपणाचा थोडा अभिमानच होता. सुटलेला धागा लोंबत ठेवायचा नाही, हे मी वर्गावर्गाला शिकवले आहे.

सर सावकाश म्हणाले, "ताई, रिळाचं बाहेरचं टोक म्हंजे सुरुवात असते. साहेब बोलायचे ते सुरुवातीलाच ना?"

एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्या आवाजासाठी मी गुलमंडीला गेले होते, तो मी माझ्याच कात्रीने कापला होता.

सरांनी मला दोष दिला नाही. ते हिशेब करू लागले. "तुकडे केवढे होते?"

"हात, दोन हात. एखादा चार हात असेल."

"डब्यांवर साहेबांनी वेग साडेसात लिहिलाय, म्हंजे सेकंदाला साडेसात इंच. त्या वेगाला एक हात टेप म्हंजे अडीच सेकंद. चार हात म्हंजे जवळपास दहा. दहा सेकंदांत माणूस बरंच बोलतो. तुकडे टाकले का कुठं ठेवलेत?"

मी खिडकीकडे बोट केले. मागच्या अंगणात आमचा पेरू आहे. पोपट पेरू टिकू देत नव्हते, म्हणून ते तपकिरी तुकडे मी फांद्यांना बांधले होते. वाऱ्यावर चमकतात आणि घूं घूं वाजतात, पोपट घाबरतात. शेतांतून असे करतात ते मी पाहिले होते.

सर अंगणात गेले. मान वर करून बराच वेळ झाडाकडे बघत राहिले.

"पोपट आले का परत?"

"नाही."

"मग टेप मजबूत हाय," सर म्हणाले. "शिडी हाय का?"

सर तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. शिडी नव्हती. माझे कापड बेतायचे उंच टेबल आम्ही अंगणात काढले, मी ते धरले आणि सर वर चढले. मी कात्री आणायला वळले, तर वरून आवाज आला, "कात्री नाय! कात्री आता कपाटात ठेवा. सुई आणा, जाड." त्या दुपारी सरांनी प्रत्येक गाठ सुईच्या टोकाने सोडवली. अकरांपैकी नऊ तुकडे मिळाले. दोन वाऱ्याने कुठे नेले कळले नाही. मी माझी मऊ मलमल काढून दिली आणि सरांनी एकेक तुकडा तिच्या घडीत सरळ करून ठेवला. प्रत्येकाला चिठ्ठी, प्रत्येकाची लांबी हातांत.

मला वाटले, आता आठवड्याभरात ऐकायला मिळेल. सरांनी दोन महिने थांबवले.

या दोन महिन्यांविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण सरांची कामाची रीत मला तिथे कळली. पहिला महिना यंत्र निवडण्यात गेला. मुनीरभाईंकडे एक सुबक, हलके यंत्र होते आणि मला ते परवडणारे होते. सरांनी ते नाकारले, कारण त्याला साडेसातचा वेग नव्हता, सगळे वेग त्याहून कमी होते. "साहेब बोलतील, पण ढगात बसून बोलल्यावानी बोलतील. चालंल?" मी नाही म्हणाले. दुसऱ्या एका यंत्राच्या हेडवरून, म्हणजे टेप जिथे घासून जाते त्या धातूच्या तुकड्यावरून, त्यांनी माझेच नख फिरवायला लावले. नख अडकले. "खाच पडलीय. याच्यावर लई गाणी होऊन गेली. आता त्याला आराम द्या." तिसऱ्याचे रबरी चाक दगडासारखे झाले होते. चौथे यंत्र दिसायला अगदी साधे, एका कडेला पोचा पडलेला. सरांनी त्याच्यावर कोरी टेप लावली आणि अर्धा तास नुसती दोन्ही रिळे बघत बसले. मी विचारले, काय बघता? "डुगडुगतं का ते. चांगली मशीन कंटाळवाणी असती ताई. बघायला काहीच नसतं तिच्यात." तेच घेतले.

दुसरा महिना शिकण्यात गेला. सर कोणालाही यंत्र नुसते नेऊ देत नाहीत, हे आपणा सर्वांना माहीत आहे. मशीन विकत मिळते, ते सांभाळणे विकत मिळत नाही, असे त्यांचे मत. आठवड्यातून दोनदा मी दुकानी जाई आणि तेच काम पुन्हा पुन्हा करी. काडीला कापूस गुंडाळायचा, शुद्ध अल्कोहोलमध्ये ओला करून पिळायचा, टेप जिथून जाते तो सगळा मार्ग पुसायचा. कापूस तपकिरी निघाला तर दुसरा घ्यायचा. पांढरा निघेपर्यंत थांबायचे नाही. रबराच्या चाकाला अल्कोहोल नाही, नुसते ओले फडके. आणि तेल कुठेच नाही. मी पहिल्याच दिवशी पर्समधून शिवणयंत्राच्या तेलाची छोटी बाटली काढली, तेव्हा सर जवळजवळ ओरडले. "ताई, ही बाटली घेऊन इथं यायचं नाय! अहो, त्या चाकाला टेप घट्ट धरायची असते. तुम्ही तिथं तेल घातलं तर त्यानं धरायचं कशानं?" मुनीरभाई म्हणाले, "बाजी, बाटली मेरे कने दो, मेरे शटर को लगाताऊं."

त्याच महिन्यात एकदा माझा संयम सुटला. मी कधी कोणाशी चढ्या आवाजात बोललेली नाही. पण त्या दिवशी म्हणाले, "सर, माझं वय अडुसष्ट आहे. मला काही कारखाना काढायचा नाही. मला फक्त दहा सेकंद ऐकायचे आहेत."

सरांनी हातातले काम खाली ठेवले. "म्हणूनच," ते म्हणाले. "दहाच सेकंद हायेत. पुन्हा कोणी बोलणार नाय ते. जुन्या टेपचं पहिलं वाजवणं हेच शेवटचं समजून तयारी करायची. मशीननं एक महिना तुमच्या हातात कोऱ्या टेपवर चूक केली नाय, तर मग तुमची टेप तिला द्यायची. ज्याचं माणूस गेलंय, त्याला घाई असती. माझं काम घाई न करणं हाय."

मी कापूस गुंडाळू लागले. त्या दिवसापासून मी घाई केली नाही.

तुकडे जोडण्याचे काम सरांनी माझ्याकडून करून घेतले. घरातली चिकटपट्टी चालत नाही. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. त्यासाठी वेगळी जोडपट्टी असते. टेप धातूच्या ठोकळ्यावरच्या खाचेत बसवून तिरपी कापायची, टोकाला टोक भिडवायचे, वर पट्टी दाबायची. कात्रीऐवजी पाते. "तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर हाय," असे सर म्हणाले, आणि मुनीरभाईंच्या देखत म्हणाले. पन्नास वर्षे हे काम केलेल्या माणसाने एका शिवणाच्या बाईला असे म्हणावे, हा त्यांचा मोठेपणा. प्रत्येक तुकड्याच्या मागे-पुढे पांढरी कोरी पट्टी जोडून नऊ तुकडे आम्ही एकाच रिळावर घेतले.

मग एका रविवारी सकाळी सर यंत्र घेऊन माझ्या घरी आले. सोबत शांताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नीही होत्या. यंत्र जोडून झाले. सरांनी मुद्रणाची तार आतून आधीच सोडवून ठेवली होती, म्हणजे चुकून कळ दाबली तरी काही पुसले जाऊ नये. त्यांनी रीळ चढवले आणि आवाजाचे बटण पूर्ण बंद केले.

मला कळेना. ऐकायचे आहे आणि आवाज बंद?

काकूंनी मला हळूच सांगितले. "त्यांची रीतच हाय ती. लोकाच्या घरचा आवाज आपण आधी ऐकायचा नाय. ते नुसता काटा बघतात. पहिलं ऐकणं घरच्यांचं."

यंत्र फिरू लागले. घरात काहीच ऐकू येत नव्हते. सर काट्याकडे बघत होते आणि मी सरांकडे. पहिला तुकडा गेला. "हा बोलत नाय." दुसरा. "हाबी नाय." तिसरा जोडताना उलटा लागला होता, तो थांबवून आम्ही सुलटा केला, तरी काटा पडूनच राहिला. चौथा, पाचवा. काकूंनी माझा हात धरला. सहाव्याला काटा एकसारखा थरथरला. "हे वाद्य हाय, पेटी नायतर तंबोरा." सातवा तुकडा सर्वांत लांब होता, चार हातांचा. तो आला आणि काटा उठला. बसला. पुन्हा उठला, बसला, उठला.

"गाण्याला काटा असा बसत नाय," सर म्हणाले. "हे बोलणं हाय. काटा हलला, ताई."

त्यांनी टेप मागे घेतली. पांढऱ्या पट्टीवर थांबवली. कोणती कळ, कोणते बटण हे मला माहीत होते, तरी एकदा बोट ठेवून दाखवले. मग ते आणि काकू मागच्या अंगणात गेले. जाताना सरांनी दार ओढून घेतले.

मी आवाजाचे बटण फिरवले आणि कळ दाबली.

माधवरावांचा आवाज आला. "रीळ नववे. वेग साडेसात." मागे माझे शिवणयंत्र चालू होते, ते ऐकू येत होते. मग ते म्हणाले, "कुमुद, मशीन जरा थांबव." शिवणयंत्र थांबले. आणि मी म्हणाले, "हं." मग ते खाकरले आणि तुकडा संपला.

यापुढे मी काही लिहीत नाही. दार उघडले तेव्हा सर पेरूखाली उभे होते. त्यांनी काय ऐकले, कोण बोलले, काहीही विचारले नाही. एवढेच विचारले, "जोड सरळ गेला का?"

"सरळ गेला, सर."

"मग चहा ठेवा."

त्या तुकड्यावर काय आहे, हे सरांना आजपर्यंत माहीत नव्हते. त्याची नक्कल काढताना त्यांनी आवाज बंदच ठेवला. तीन वर्षांत अनेकदा ते घरी आले, त्या यंत्रावर इतर रिळे आम्ही सर्वांनी मिळून ऐकली, पण सातव्या तुकड्याचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांना तो या लेखातून कळेल. सर, आपल्याला सांगायचे राहून गेले होते, म्हणून इथे लिहिले.

सरांच्या इतर गुणांविषयी जाणकार लिहितीलच. पिशोरसारख्या गावातून येऊन, ज्या समाजाला अनेक दारे बंद होती त्या समाजातून येऊन, त्यांनी हे ज्ञान कसे मिळवले आणि मग कोणासाठीही दार बंद कसे ठेवले नाही, हे त्यांचे जुने विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मी त्यांचा दोषही सांगू शकते. ते फोन उचलत नाहीत. जेवणाच्या वेळा पाळत नाहीत. शांताकाकू म्हणतात, "तुमच्या सरांना मोटार तापली का लगेच कळतं, बायको तापली का दोन दिवसांनी." सर हे ऐकून गालात हसतात आणि यंत्राच्या पाठीवर हात ठेवून ती तापली का बघतात.

त्यांच्यामुळे मला घराबाहेर काम मिळाले, हेही नोंदवते. आपल्या शहरात धूळ फार. यंत्रावर साधे फडके टाकलेले पाहून मी गुलमंडीतून जाड कापड आणले आणि माझ्या यंत्राला मापाचे आवरण शिवले, मागून तारांना जागा ठेवून. सरांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि दुसऱ्या आठवड्यात तीन यंत्रांची मापे कागदावर लिहून आणली. आज या शहरातल्या बऱ्याच यंत्रांवर माझी आवरणे आहेत. ज्यांनी अजून शिवून घेतले नसेल त्यांनी माप कळवावे.

शेवटची गोष्ट. यंत्र दिले त्या दिवशी सरांनी मला एक पुठ्ठ्याचे कार्ड दिले. टेप नुसती कपाटात ठेवून चालत नाही. वर्षातून एकदा प्रत्येक रीळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे, म्हणजे वेढे मोकळे होतात. दर वर्षी ते केले की कार्डावर तारीख घालायची आणि सरांनी येऊन सही करायची, अशी त्यांची पद्धत. माझ्या कार्डावर त्यांनी पट्टी लावून पंचवीस ओळी आखल्या. मी म्हणाले, "सर, मी अडुसष्ट, तुम्ही बहात्तर. पंचवीस ओळी कशाला?"

"कार्ड मोठं होतं," सर म्हणाले.

तीन ओळी भरल्या आहेत. तिन्हींवर सरांची सही आहे. दर वेळी ते स्कूटरवरून आले, कापूस पांढरा निघतो का पाहिले, आणि मगच पेन काढले. बावीस ओळी रिकाम्या आहेत. मी माझे काम वेळेवर करीन. सरांना उत्तम आरोग्य लाभो, त्यांचे हात असेच चालत राहोत, आणि या बावीसही ओळींवर त्यांचीच सही पडो. त्या भरल्या की मी दुसरे कार्ड मागणार आहे.

— कुमुद सेलूकर